मीराबाईंच्या चंचीतला मोबाईल

मित्रांनो, मी सात वर्षांचा आहे. तुमच्यात एवढ्या वयाची मुले दुसरीत असतात, दुधाचे दात पाडत असतात. आमच्यात मात्र एवढ्या वयाला म्हातारपण म्हणतात. माझ्या काचेला कोपऱ्यात तडा आहे. आवाज चिरका झाला आहे आणि पाठीमागचे झाकण पट्टीने चिकटवलेले आहे. मी एक जुना मोबाईल आहे, आणि मला तुम्हाला मीराबाईंबद्दल सांगायचे आहे. माझी स्वतःची गोष्ट त्यांच्या गोष्टीच्या आत आहे.

माझा जन्म एका मोठ्या, थंडगार कारखान्यात झाला. पांढरी टोपी घातलेल्या मुली ओळीने बसल्या होत्या. एकीने माझ्यात कॅमेरा बसवला, दुसरीने काच चिकटवली, तिसरीने मला उजेडात धरून उलटसुलट पाहिले आणि पुढे सरकवले. तिच्या त्या बघण्यात फार कौतुक होते असे नाही, पण मला ते कौतुकच वाटले. मग खोक्यात बसून मी दादरच्या एका दुकानात आलो.

तिथून मला मानसीने नेले. ती नुकती अकरावीत गेली होती. घरी पोचताच तिने माझ्यावर गुलाबी कव्हर चढवले आणि पहिला फोटो काढला तो स्वतःच्याच नाकाचा, चुकून. ते दिवस माझ्या ऐन उमेदीचे होते. शाळा-कॉलेजे बंद पडली तेव्हा तिचे सगळे वर्ग माझ्या काचेवर भरले. मैत्रिणींचे हसणे, भांडणे, परीक्षेचे निकाल, सगळे माझ्यातून गेले. "काय मस्त फोटो येतात गं याचे!" असे लोक म्हणत आणि मी मनातून फुगत असे.

मग मी हळू झालो. एक ॲप उघडायला वेळ लावू लागलो. मानसी आधी कपाळाला आठ्या घालू लागली, नंतर मला हलवू लागली, आणि एक दिवस घरात नवा फोन आला. मला टीव्हीखालच्या खणात ठेवले गेले. तिथे बिघडलेला रिमोट, कुठलातरी चार्जर आणि सुटे सेल होते. मी बंद होतो. बंद असण्यात दुःख नसते, काहीच नसते. पण मला पुन्हा चालू केले तेव्हा मात्र कळले, की मी बराच काळ नव्हतो आणि कोणाचे काही अडले नव्हते.

मला बाहेर काढायचे कारण घडले ते फाटकावर.

मानसीची आजी म्हणजे मीराबाई. मूळच्या सावंतवाडीकडच्या. लग्न होऊन लालबागला आल्या तेव्हा त्यांचे यजमान दौलतराव गिरणीत होते. गिरणी गेली, दौलतराव गेले, पुढे चाळही गेली आणि तिच्या जागी टॉवर उभा राहिला. त्यातल्या चौदाव्या मजल्यावरच्या घरात मीराबाई, मुलगा निलेश, सून रुपाली आणि नात मानसी राहू लागले. चाळीला दरवाजा होता, पण तो कधी लावलेला कोणी पाहिला नव्हता. टॉवरला मात्र फाटक, त्यावर पहारेकरी आणि पहाऱ्यासाठी एक ॲप होते. येणाऱ्याने आपल्या फोनवरचा कोड दाखवायचा. कोड नसेल तर पहारेकरी घरच्यांना फोनवर विचारणार, आणि घरच्यांनी 'हो' दाबले तरच आत.

मीराबाईंकडे फोनच नव्हता. जुने पहारेकरी त्यांना ओळखायचे, त्यामुळे काही अडत नव्हते. मागच्या मे महिन्यात एजन्सीने सगळे पहारेकरी बदलले. त्या दिवशी दुपारी मीराबाई बाजारातून बांगडे घेऊन आल्या, तर फाटकावर शिवा नावाचा नवा मुलगा होता.

"कोणाकडे जायचंय, मावशी?"

"घराक."

"कोणाच्या घरी? कोड दाखवा."

शिवाने निलेशला विचारणा पाठवली. निलेश मीटिंगमध्ये होता. रुपाली बँकेत होती, मानसी ऑफिसात. कोणीच उत्तर दिले नाही. ऊन डोक्यावर होते. पिशवीतून माशांचे पाणी गळून रस्त्यावर थेंब पडत होते. मीराबाईंनी बराच वेळ समजावून सांगितले, आणि मग त्यांचा तोल सुटला.

"गिरणीचे भोंगे वाजत होते तेव्हापासून मी हय रवतंय! ह्यो तुझो टावर काल इलो. माझ्या खोलीवर ह्येचो पायो खणलो, आणि माका इचारतंस कोणाकडे जायचा? मी माझ्याकडे इलंय! आयकलंस? मी माझ्याकडे इलंय!"

हे मी तेव्हा पाहिले नाही, कारण मी खणात होतो. पण नंतर माझ्याच काचेवर ते इतक्यांदा वाजले की मला पाठ झाले.

संध्याकाळी निलेशने मला खणातून काढले, पुसले, माझ्यात सिमकार्ड घातले आणि ते ॲप टाकले. "आई, हा जवळ ठेव. आता कटकट नको," तो म्हणाला. मीराबाईंनी मला न उघडताच कमरेच्या चंचीत टाकले. त्या कापडी चंचीत पान, सुपारी आणि चुन्याची डबी होती. मला कातरलेल्या सुपारीचा वास लागला तो आजतागायत गेला नाही.

आठवड्याच्या आत मानसीने आजीला भजनी मंडळाच्या ग्रुपवर घातले. आणि त्या ग्रुपवर आलेला पहिलाच व्हिडिओ मीराबाईंनी उघडला, तो त्यांचा स्वतःचा होता.

कोणीतरी फाटकाच्या आतून तो काढला होता. आ वासलेले तोंड, हवेत उडालेला हात, गळणारी पिशवी. मागून ढोलाचा ठेका लावला होता आणि 'मी माझ्याकडे इलंय, मी माझ्याकडे इलंय' हे वाक्य त्या ठेक्यावर पुन्हा पुन्हा वाजत होते. खाली हसून लोळणाऱ्या पिवळ्या चेहऱ्यांची रांग. ज्या बाईने तो पाठवला तिला बिचारीला ओळखूही आले नव्हते की ही आपल्या शेजारी टाळ घेऊन बसणारी मीराबाई आहे. मीराबाईंनी तो शेवटपर्यंत पाहिला. मग मला पालथे ठेवले आणि तांदूळ निवडायला बसल्या. तांदूळ निवडलेलेच होते.

पुढे त्या वाक्याची गाणी झाली. त्यांच्या चेहऱ्याचे स्टिकर झाले. उशिरा घरी येणारे नवरे बायकांना ते पाठवू लागले. गावाहून चुलतदिराचा फोन आला, "वहिनी, फेमस झालात!" त्या खाली उतरल्या की कोपऱ्यावरची पोरे त्यांना ऐकू जाईल अशा बेताने ते वाक्य म्हणत. निलेश म्हणाला, "आई, चार दिवसांत लोक विसरतील." लोक विसरले नाहीत. मीराबाईंनीच खाली उतरणे सोडले. मासळी रुपाली आणू लागली. भजनाला जाणे थांबले. चंची खुंटीला अडकली आणि चंचीत मी.

मित्रांनो, मला कान आहेत, डोळा आहे, पण स्वतःहून काही करता येत नाही. त्या बाईंना ज्या गोष्टीने घरात कोंडले, ती माझ्याच जातीच्या एका फोनने केली होती आणि माझ्याच काचेवरून त्यांच्यापर्यंत पोचली होती. खुंटीवर लटकून मी दुसरा कसला विचार करणार?

हे असेच चालले असते. पण रघुवीरकाका फाटकावर कोसळले.

रघुवीरकाका त्याच मजल्यावर राहत. महापालिकेत कारकून होते, फणसवाडीतली जुनी जागा सोडून इथे आले होते. त्यांच्या पत्नी इरावतीबाईंना ऐकू कमी येते. काका उपाशीपोटी रक्त तपासायला गेले होते. परत येईस्तोवर त्यांच्या फोनची बॅटरी संपली. कोड दाखवता येईना. शिवाने घरी इंटरकॉम लावला, तो इरावतीबाईंना ऐकू गेला नाही. काका फाटकाबाहेर उन्हात उभे राहिले, मग कठड्यावर टेकले, मग तिथेच कलंडले. टॅक्सी मिळेना, तेव्हा शिवानेच धावत जाऊन येणाऱ्या एका टेम्पोत घालून त्यांना दवाखान्यात पोचवले.

काका घरी आले तेव्हा मीराबाई पेज घेऊन त्यांना बघायला गेल्या. चंची कमरेला होती आणि तिचे तोंड उघडे होते, म्हणून मी सगळे पाहिले-ऐकले.

"तुम्ही त्या पोराला ओरडून सांगायचं ना, की बाबा, मला घेरी येतेय," मीराबाई म्हणाल्या.

काका उशीला टेकून बसले. मग हळू आवाजात म्हणाले, "ओरडणारच होतो, मीराबाई. तोंड उघडलंसुद्धा होतं. तेवढ्यात समोर एकाने फोन वर केला. कदाचित तो नुसता वेळ बघत असेल. पण मला तुमचा व्हिडिओ आठवला. म्हटलं, नको. बसू गप्प."

इरावतीबाईंना काही ऐकू आले नव्हते. त्या पेजेत मीठ घालत होत्या. मीराबाई उठल्या. "पेज गरम आहे तोवर घ्या," म्हणाल्या, आणि घरी आल्या. चालीवरूनच मला कळले की काहीतरी ठरले आहे.

मानसी लॅपटॉपवर काम करत होती.

"चेडवा, माका फोन शिकव."

"कुठलं ॲप, आज्जी?"

"सगळो."

"आज?"

"आत्ता."

शिकणे सोपे नव्हते. जन्मभर भांडी, कपडे आणि मिरच्या हाताळून त्यांची बोटे इतकी गुळगुळीत आणि कोरडी झाली होती, की माझ्या काचेला त्यांचा स्पर्शच कळेना. त्या दाबत, मी ढिम्म. त्या जोरात दाबत, तर मी भलतेच काहीतरी उघडून बसे. मला अगदी लाज वाटे. "गे, ह्यो माझा बोट घेणा नाय," त्या म्हणत. मानसीने बोट किंचित ओले करायला सांगितले, ते जमले. लिहिण्याऐवजी बोलून काम करायचे ठरले, तर त्या 'माका' म्हणत आणि मी 'मका' लिहीत असे. मानसी हसे, कधी चिडेही. "आज्जी, अगं आत्ताच सांगितलं ना!" मीराबाई चिडत नसत. "परत सांग," एवढेच म्हणत. मानसी ऑफिसला गेली की त्या एकट्या बसून तेच तेच करत. चुकत आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत. मी माझ्या आयुष्यात पुष्कळ वर्ग पाहिले, पण इतका चिवट विद्यार्थी पाहिला नाही.

बोट बसल्यावर त्यांनी पहिले काम काढले, ते म्हणजे तो व्हिडिओ मुळात कोणी टाकला हे शोधण्याचे. मानसीने मदत केली. मागे मागे जात दोघी एका खात्यापाशी पोचल्या. तिथला फोटो बघून मानसी म्हणाली, "आज्जी, हा तर हर्षवर्धन. नवव्या मजल्यावरचा."

निलेश म्हणाला, "जाऊ दे आई, शेजारी आहेत, उगाच वाद." मीराबाईंनी चंची बांधली, मला हातात घेतले आणि नवव्या मजल्यावर गेल्या.

दार हर्षवर्धननेच उघडले. विशीतला, घरूनच काम करणारा मुलगा. त्यांना पाहून तो गडबडला, पण लगेच हसला. "अरे आजी! या ना. लोकांना तुम्ही जाम आवडल्या, माहितीये? लाखांत व्ह्यूज आहेत. कमेंट बघा ना, सगळे 'आजी रॉक्स' म्हणतायत."

मीराबाई उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या. "तू थय होतंस?"

"हो, मी स्कूटर लावत होतो."

"मी खयच्या मजल्यार रवतंय, तुका म्हायत होता?"

"हो... म्हणजे, चौदाव्या. लिफ्टमध्ये बघतो ना तुम्हाला."

"मगे वॉचमनाक सांगलंस कित्याक नाय?"

 आतून हर्षवर्धनची आई विचारत होती, कोण आलंय. त्याने दार मागे ओढून घेतले. तो त्या दिवशी फाटकाच्या आत हातभर अंतरावर उभा होता. 'ह्या चौदाव्या मजल्यावरच्या आजी आहेत' एवढे म्हणाला असता तर सगळे तिथेच संपले असते. हे त्याला आत्ताच, त्या दारात उभे राहून कळले, असे मला त्याच्या चेहऱ्यावरून वाटले.

"सॉरी, आजी," तो शेवटी म्हणाला. "मी व्हिडिओ काढून टाकतो. पण लोकांनी पुढे पाठवलाय, त्याची गाणी झालीयेत, ते आता माझ्या हातात नाही."

"त्येचा मी बघतंय. तू तुझा काढ."

त्याने त्यांच्यासमोर तो खात्यावरून काढून टाकला. मीराबाई परत फिरल्या, आणि तिसऱ्या पावलावर थांबून म्हणाल्या, "सोसायटीची सभा आसा रविवारी. ये."

सभेपर्यंतचे दिवस आम्ही दोघांनी मजल्यामजल्यावर फिरण्यात घालवले. प्रत्येक मजल्यावर कोणीतरी म्हातारे होतेच. कोणी फाटकावर ताटकळले होते, कोणी कोड उघडता येत नाही म्हणून बाहेर पडणेच सोडले होते. त्यांच्यापैकी कोणी कॅमेऱ्यासमोर बोलायला तयार नव्हते. "फक्त आवाज द्या," मीराबाई म्हणत आणि माझ्यावरचे लाल बटण दाबत. कोणी थोडक्यात बोलले, कोणी रडले, एका आजोबांनी आधी घसा खाकरला आणि मग भाषणच ठोकले. सगळे आवाज मी जपून ठेवले. खणातून बाहेर आल्यावर पहिल्यांदाच मला वाटले, की आपल्यात काहीतरी किमतीचे आहे.

रविवारी सभा भरली. मीराबाईंनी फाटकाचा विषय काढला. सेक्रेटरी दीपक शांतपणे म्हणाले, "काकू, ॲप सगळ्यांच्या सुरक्षेसाठी आहे. एकदोघांची अडचण होते म्हणून नियम कसा बदलायचा?"

मीराबाईंनी चंची सोडली आणि मला बाहेर काढले. तेवढ्यात मागच्या रांगेतून कोणीतरी आपल्या फोनवर ते गाणे लावले. ढोलाचा ठेका, 'मी माझ्याकडे इलंय'. काही लोक हसले, काहींनी माना खाली घातल्या.  काचेवर मला मीराबाईंची नाडी जाणवत होती. पण त्या हलल्या नाहीत. गाणे पूर्ण वाजू दिले.

"वाजवन झाला?" त्यांनी विचारले. "मगे आता ह्या आयका."

त्यांनी मला माईकला लावले. माझा आवाज तेव्हाच चिरका झाला होता, तरी मी असेल नसेल तेवढी ताकद लावली. एकामागून एक ते आवाज हॉलमध्ये घुमले. लोक आपापल्या आईवडिलांचे, सासऱ्यांचे आवाज ओळखू लागले. एक गृहस्थ अर्धवट उठून म्हणाले, "हे तर आमचे बाबा. हे मला कधी बोलले नाहीत." शेवटचा आवाज रघुवीरकाकांचा होता. तो संपल्यावर मागून हर्षवर्धन उभा राहिला. "मी त्या दिवशी तिथे होतो. मी त्यांना ओळखत होतो, आणि मी शूट करत बसलो," एवढेच बोलून तो खाली बसला.

वाद झालाच. ॲप काढून टाकायला बहुतेकांचा विरोध होता आणि मीराबाईंनी तसा हट्टही धरला नाही. पण एवढे ठरले, की ज्यांना फोन जमत नाही त्यांना सोसायटीने फोटोचे ओळखपत्र द्यायचे. फाटकाशी सावलीत बाकडे टाकायचे. आणि नवा पहारेकरी आला की त्याला आधी मजल्यामजल्यावर नेऊन घरातल्या वडीलधाऱ्यांची ओळख करून द्यायची. शिवाला सर्वांत आधी चौदाव्या मजल्यावर आणले. मीराबाईंनी त्याला सोलकढी दिली. "आजी, त्या दिवशी आत सोडलं असतं तर माझी नोकरी गेली असती," तो म्हणाला. "म्हायत आसा रे," मीराबाई म्हणाल्या आणि पेला पुन्हा भरला.

मित्रांनो, तो व्हिडिओ मात्र अजून फिरतो. तुमच्याही फोनवर कदाचित आला असेल. मीराबाईंच्या एखाद्या ग्रुपवर आला, की त्या पाठवणाऱ्याला सरळ फोन लावतात आणि सांगतात, ती मीच. काहीजण माफी मागतात, काहीजण फोन ठेवतात. कोपऱ्यावरच्या पोरांपैकी कोणी ते वाक्य म्हटले, तर त्या त्याच्याजवळ जाऊन प्रेमाने विचारतात, "तुझ्या आज्येचा नाव काय रे, झिला?" पोरगे आजीचे नाव सांगते, आणि पुन्हा ते वाक्य त्याच्या तोंडून बाहेर पडत नाही. मासळी त्या स्वतः आणतात. भजनाला जातात.

आता माझ्याबद्दल. गेल्या दिवाळीनंतर ॲपने मला नाकारले. 'तुमच्या फोनवर हे चालणार नाही' असे ते म्हणू लागले. माझी बॅटरी फुगली आणि पाठीचे झाकण उचलले गेले. निलेशने आईसाठी नवा फोन आणला आणि म्हणाला, "हा आता भंगारात." मीराबाईंनी नवा फोन हातात घेतला. त्याची बटणे सगळी दुसरीकडे होती. त्यांनी एक सुस्कारा सोडला, चष्मा लावला, बोट ओले केले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. मला मात्र त्यांनी भंगारात जाऊ दिले नाही. चिंचपोकळी स्टेशनजवळच्या एका दुरुस्तीच्या गाळ्यात नेऊन माझी बॅटरी बदलून घेतली.

आता माझ्यात सिमकार्ड नाही. दुपारी मीराबाईंकडे मजल्यामजल्यावरचे म्हातारे जमतात आणि माझ्यावर शिकतात. "घाबरू नका," मीराबाई त्यांना सांगतात, "चुकलात तर चुका. ह्येच्यात आता हरवण्यासारखं काही नाही." त्यांची कोरडी, थरथरती, हळदीची बोटे माझ्या काचेवर फिरतात. ते नको ते उघडतात, हवे ते बंद करतात. मी कोणावर रागावत नाही. माझ्या हळूपणाला इथे कोणी नावे ठेवत नाही, कारण इथे सगळ्यांनाच वेळ लागतो.

माझे तुमच्याकडे एवढेच मागणे आहे. तुमच्या घरातले कोणी तेच तेच पुन्हा विचारत असेल, तर पुन्हा सांगा. आणि कोणी अडचणीत उभे असेल तर फोन वर करण्याआधी तोंड उघडा, त्यांना ओळखत असाल तर तसे सांगा. आम्ही फोन कोणाचीही परवानगी न घेता बघू शकतो, आम्हाला तसेच बनवले आहे. तुम्हाला तसे बनवलेले नाही.

काल रघुवीरकाका माझा कॅमेरा वापरायला शिकले. मला दोन्ही हातांत घट्ट धरून त्यांनी मीराबाईंसमोर नेले. मला वाटले, आता बटण दाबतील. पण त्यांनी मला खाली केले.

"मीराबाई, तुमचा एक फोटो काढू का?"

 मीराबाईंनी खुर्ची खिडकीकडे, उजेडाच्या बाजूला ओढली, केसांवरून हात फिरवला आणि ताठ बसल्या.

"थांबा जरा," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "हां. आता काढा."